खाली येणारा हेरउपग्रह आणि टाकीतले इंधन

हेरउपग्रह मुद्दाम खालून फिरवतात. रडारचा परतणारा संकेत अंतराच्या चौथ्या घाताने क्षीण होतो. अंतर दुप्पट केले की हाती सोळावा हिस्सा उरतो. म्हणून सोव्हिएत संघाचे जहाजांवर पाळत ठेवणारे रडार उपग्रह जेमतेम २५०-२६० किमीवर असत. तिथली विरळ हवाही मोठ्या सौरपंखांना मागे खेचते, म्हणून वीज अणुभट्टीची. काम संपले की भट्टी सुटी करून ९०० किमीच्या आसपास ढकलून द्यायची, अशी योजना. त्यांपैकी कॉसमॉस-९५४ ला तेवढेच जमले नाही.

२४ जानेवारी १९७८ ला तो कॅनडाच्या वायव्य प्रदेशात कोसळला. भट्टीत सुमारे ३० किलो अतिसमृद्ध युरेनियम होते. गॅमा किरण टिपणारी उपकरणे विमानांत बसवून सव्वा लाख चौरस किमीचा गोठलेला मुलूख धुंडाळला. इंधन सापडले ते नावापुरते. कॅनडाने साठ लाख डॉलर मागितले, १९८१ मध्ये तीस लाखांवर तडजोड झाली.

अमेरिकेच्या यूएसए-१९३ या हेरउपग्रहावर भट्टी नव्हती, तरी धास्ती कमी नव्हती. डिसेंबर २००६ मध्ये सुटल्यावर लगेचच त्याच्याशी संपर्क तुटला. एरवी परतेपर्यंत इंधन बव्हंशी संपलेले असते. इथे सुमारे ४५० किलो हायड्राझिन, हे विषारी इंधन, जसेच्या तसे. वीज गेली, हीटर बंद पडले आणि २ अंशांना गोठणाऱ्या या द्रवाचा दगड झाला. असा गोळा वितळण्यातच बरीच उष्णता खर्ची पडते, आणि टाकी टायटॅनियमची, म्हणजे वितळायला १,६०० अंशांच्या वर हवेत. तेव्हा टाकी इंधनासकट जमिनीवर पोचण्याची भीती. २००३ मध्ये कोलंबिया यान फुटले तेव्हा त्याचीही हायड्राझिनची टाकी जमिनीवर सापडली होती. (२०२२ मध्ये चंद्रपूरच्या लाडबोरीत रॉकेटचे कडे पडले, त्या भागात धातूचे गोळेही सापडले. जळून न जाणारे भाग बहुधा असेच.) हायड्राझिनची वाफ फुप्फुसे भाजते.

बरे, पडणार कुठे? वेग सेकंदाला ७.८ किमी, वेळेच्या अंदाजात तासाची चूक म्हणजे जागेत २८,००० किमीची.

अखेर २१ फेब्रुवारी २००८ ला, जागतिक वेळेनुसार, पॅसिफिकमधल्या लेक एरी युद्धनौकेवरून एसएम-३ क्षेपणास्त्र सोडले. त्यात स्फोटके नव्हती, नुसती धडक. उपग्रहविरोधी चाचणीला हे निमित्त मिळाले, ही टीका अगदीच निराधार वाटत नाही. पण उंची विचारपूर्वक निवडली होती, सुमारे २४७ किमी. बहुतेक तुकडे काही आठवड्यांत जळून गेले. चीनने वर्षभर आधी स्वतःचा फेंगयुन-१सी उपग्रह फोडला तो ८६५ किमीवर. त्याचे तुकडे अजून फिरताहेत.