पीडित-सेवा अनुदाने आणि अमेरिकेतील घटक राज्ये

अमेरिकेत फौजदारी न्यायव्यवस्था आणि गुन्ह्यांत होरपळलेल्या माणसांची मदत या दोन्ही कामांसाठी केंद्र सरकार (तिथल्या बोलीत फेडरल सरकार) पैसा देते. पण त्यातला बराचसा पैसा थेट पोलिस ठाण्यात किंवा निवारागृहात पोहोचत नाही. तो आधी राज्याकडे येतो. राज्याचे एक नेमून दिलेले कार्यालय तो स्वीकारते, प्रस्ताव मागवते, कोणाला किती द्यायचे ते ठरवते, खर्चाची बिले तपासते आणि शेवटी केंद्राला हिशेब देते. या कार्यालयाला राज्य अनुदान संस्था म्हणतात. कायद्यांची नावे वॉशिंग्टनच्या इतिहासात नोंदली गेली असली, तरी रात्री दोन वाजता हेल्पलाइनवर फोन उचलणारे कोणी असेल की नाही, हे बरेचसे याच कार्यालयाच्या टेबलावर ठरते.

ही रचना १९६८ च्या गुन्हेनियंत्रण व सुरक्षित रस्ते कायद्यातून आली. पोलिस, फिर्यादी पक्ष आणि तुरुंग हे अमेरिकेत मुख्यतः राज्यांचे आणि स्थानिक संस्थांचे विषय आहेत. केंद्राला त्यात हुकूम सोडता येत नव्हता, पैसा मात्र देता येत होता. त्या कायद्याने एक केंद्रीय साहाय्य प्रशासन उभे केले आणि प्रत्येक राज्याला स्वतःची नियोजन संस्था स्थापन करायला लावली. राज्याने आराखडा द्यायचा आणि केंद्राने ठोक रक्कम द्यायची, असा तो व्यवहार होता. सुरुवातीच्या वर्षांत पोलिसांच्या सामग्रीवर फार पैसा गेला आणि त्यावर पुष्कळ टीकाही झाली. तरी १९७४ मध्ये ब्रुकलिन आणि मिलवॉकीच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयांत पीडितांना व साक्षीदारांना मदत करणारे पहिले विभाग सुरू झाले, ते याच पैशावर. ते केंद्रीय प्रशासन १९८२ मध्ये बंद पडले. राज्यांतली कार्यालये मात्र नावे बदलून टिकली.

पीडितांच्या सेवा मुळात सरकारने सुरू केलेल्या नाहीत, हे इथे सांगायलाच हवे. १९७२ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्को उपसागराचा परिसर, वॉशिंग्टन आणि सेंट लुईस इथे कार्यकर्त्यांनी पदरमोड करून बलात्कारपीडितांसाठी आणि इतर पीडितांसाठी केंद्रे काढली. सरकार मागाहून आले. १९८२ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी लोइस हेट हेरिंग्टन यांच्या अध्यक्षतेखाली पीडितांच्या प्रश्नावर कृतिदल नेमले. त्याच्या अहवालानंतर दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९८४ मध्ये, गुन्हेपीडित कायदा झाला. अमेरिकेत तो त्याच्या आद्याक्षरांवरून ‘व्होका’ या नावाने ओळखला जातो, आणि या क्षेत्रातल्या लोकांच्या तोंडी हा शब्द दिवसातून वीसदा येतो.

पैसा येतो कुठून

व्होकाने निर्माण केलेल्या गुन्हेपीडित निधीत करदात्यांचा पैसा नाही. केंद्रीय न्यायालयांत दोषी ठरलेल्यांचे दंड, जप्त झालेले जामीन आणि प्रत्येक शिक्षेसोबत लागणारी विशेष आकारणी यांतून तो भरतो. केंद्रीय न्यायालयात शिक्षा सुनावताना न्यायाधीश तुरुंगवासाची मुदत सांगतात, त्यासोबत हीही रक्कम सांगतात: गंभीर गुन्ह्याच्या प्रत्येक आरोपासाठी व्यक्तीला १०० डॉलर, कंपनीला ४०० डॉलर. ज्याने घाव घातला त्याच्याच खिशातून मलमपट्टीचा खर्च निघावा, ही यामागची कल्पना आहे, आणि ती न्याय्य आहे.

पण १००-१०० डॉलरांनी हा निधी भरत नाही. तो भरतो बड्या कंपन्यांच्या दंडांनी. २०१७ मध्ये मोटारींच्या धुराच्या चाचणीतील फसवणुकीबद्दल फोक्सवॅगनला २८० कोटी डॉलरचा फौजदारी दंड झाला. त्या आर्थिक वर्षात निधीत सुमारे ६५० कोटी डॉलर जमा झाले. पुढच्या वर्षी ही जमा ५० कोटींच्याही खाली आली. पीडितांची संख्या अशी वर्षागणिक वरखाली होत नाही. हा चढउतार सावरण्यासाठी संसद २००० सालापासून दरवर्षी निधीतून किती काढायचे याची कमाल मर्यादा ठरवते. सुरुवातीला ती ५० कोटी डॉलर होती. २०१४ मध्ये ती ७४.५ कोटी होती. २०१५ मध्ये एकदम २३६.१ कोटींवर आणि २०१८ मध्ये ४४३.६ कोटींवर गेली. मग उतार लागला आणि २०२४ मध्ये ती १३५.३ कोटींवर आली.

या काळात मोठ्या कंपन्या खटला टाळण्यासाठी सरकारशी समझोते करू लागल्या होत्या. त्यांतली रक्कम पीडितनिधीत न जाता केंद्राच्या सर्वसाधारण तिजोरीत जात असे. जुलै २०२१ च्या दुरुस्तीने ही गळती बुजवली. ही दुरुस्ती उशिरा झाली. तोवर निधी बराच आटला होता.

वाटपाचा क्रम

मर्यादेत बसणाऱ्या रकमेतून आधी केंद्राच्या स्वतःच्या पीडित-समन्वयकांचा आणि बालकांसाठीच्या योजनांचा वाटा निघतो. त्यानंतर राज्यांच्या भरपाई योजना येतात. भरपाई म्हणजे पीडिताच्या हाती पडणारी मदत: दवाखान्याचे बिल, समुपदेशन, बुडालेली मजुरी, अंत्यविधीचा खर्च. अशी योजना पहिल्यांदा कॅलिफोर्नियाने १९६५ मध्ये आणली. राज्याने स्वतःच्या पैशातून दिलेल्या भरपाईच्या ६० टक्के रक्कम केंद्र परत करत असे. २०२१ पासून हे प्रमाण ७५ टक्के झाले. या सगळ्यांतून जे उरते ते साहाय्य अनुदानाला, म्हणजे निवारागृहे, हेल्पलाइन आणि न्यायालयात पीडितासोबत बसणारे कार्यकर्ते यांना. ते शेवटी येत असल्याने मर्यादा घटली की कात्री सर्वाधिक इथेच लागते. प्रत्येक राज्याला ५ लाख डॉलर किमान मिळतात, बाकीचे लोकसंख्येनुसार. हा पैसा खर्च करायला, तो मिळाला त्या वर्षासकट, चार वर्षांची मुदत असते.

राज्याला हा पैसा मनाला येईल तसा वाटता येत नाही. लैंगिक अत्याचार, जोडीदाराकडून होणारा छळ, बालकांवरील अत्याचार आणि आजवर दुर्लक्षित राहिलेले पीडित, या चार गटांना प्रत्येकी किमान १० टक्के द्यावेच लागतात. प्रशासन व प्रशिक्षणासाठी राज्य फार तर ५ टक्के ठेवू शकते. पीडिताने पोलिसांत तक्रार केली असो वा नसो, सेवा द्यायची. त्याच्या नागरिकत्वाची किंवा व्हिसाची स्थिती बघायची नाही. २०१६ च्या नियमांनी हे अधिक स्पष्ट केले. नवरा व्हिसाची कागदपत्रे कुलपात ठेवतो, तक्रार केली तर देश सोडावा लागेल अशी भीती घालतो, अशा घरांतल्या बाईसाठी ही ओळ किती मोलाची आहे ते न्यू जर्सीतल्या भारतीय वस्त्यांत काम करणाऱ्यांना ठाऊक आहे. तिथेच १९८५ मध्ये दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी ‘मानवी’ ही संस्था उभी राहिली. आपल्या भाषेत बोलणारे कोणी फोनवर भेटले, तरच मराठी बाईला आपली हकीकत सांगता येते. ‘दुर्लक्षित’ गटाच्या १० टक्क्यांत भाषेची ही अडचणही बसते.

इतर दोन प्रवाह

व्होकाखेरीज दोन अनुदाने प्रत्येक राज्याकडे येतात. पहिले बर्न न्याय साहाय्य अनुदान. एडवर्ड बर्न हा न्यूयॉर्कचा २२ वर्षांचा पोलिस. २६ फेब्रुवारी १९८८ रोजी क्वीन्समध्ये एका साक्षीदाराच्या घरावर पहारा देत तो गाडीत एकटाच बसला होता. तिथेच त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याच्या नावाच्या या अनुदानातली निम्मी रक्कम लोकसंख्येवर आणि निम्मी हिंसक गुन्ह्यांच्या प्रमाणावर ठरते. ६० टक्के राज्याला आणि ४० टक्के थेट शहरांना व काउंटींना (तिथल्या जिल्ह्यांना) मिळते. राज्याच्या वाट्यातलाही ठरलेला भाग खाली स्थानिक संस्थांना द्यावा लागतो. केंद्राने यातून धोरण रेटायचा प्रयत्न केला तेव्हा वाद झाले: २०१७ मध्ये स्थलांतरितांविषयीच्या अटी घातल्यावर शिकागो शहर न्यायालयात गेले आणि जिंकले.

दुसरे १९९४ च्या स्त्रियांवरील हिंसाचारविरोधी कायद्याचे. त्याची विभागणी कायद्यातच आहे: पोलिसांना किमान २५ टक्के, फिर्यादी पक्षाला किमान २५, पीडित-सेवांना किमान ३०, न्यायालयांना किमान ५, आणि उरलेले राज्याच्या मर्जीवर.

राज्यागणिक वेगळी चूल

कार्यालय कुठे ठेवायचे हे राज्य ठरवते. पेनसिल्व्हेनियाने १९७८ मध्ये स्थापलेल्या एकाच आयोगाकडे जवळजवळ सगळे दिले आहे. न्यूयॉर्कमध्ये पीडित-सेवांचे स्वतंत्र कार्यालय आहे, पोलिस अनुदानांचे दुसरे. ओहायोत व्होका महाधिवक्त्यांकडे आहे. टेक्सासमध्ये राज्यपालांच्या कार्यालयाचा सार्वजनिक सुरक्षा विभाग हे बघतो, पण २५४ काउंटींचे प्रस्ताव राजधानीत बसून समजणार नाहीत म्हणून आधी २४ प्रादेशिक परिषदा त्यांना गुण देऊन क्रम लावतात. माझ्या मते ही पद्धत चांगली आहे: ओसाड पश्चिम भागातल्या निवारागृहाला पेट्रोलचा खर्च का जास्त लागतो, हे शेजारच्या गावातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. कामे एकाच छताखाली असली तर संस्थेला एकाच दारात जावे लागते, हाही फायदा आहेच.

आधी खर्च, मग बिल

खरी कसोटी मंजुरीपत्र आल्यानंतर लागते. बहुतेक राज्यांत ही अनुदाने प्रतिपूर्तीच्या तत्त्वावर चालतात. संस्थेने आधी स्वतःच्या खिशातून पगार, भाडे, औषधे यांवर खर्च करायचा, महिना किंवा तिमाही संपली की बिले लावायची आणि राज्याने तपासून पैसे सोडायचे. मोठ्या इस्पितळाला याचे काही वाटत नाही. पण तीन कर्मचाऱ्यांच्या निवारागृहात बिलाला सहा आठवडे उशीर झाला की पगार थकतो.

तिथली एक कार्यकर्ती डोळ्यांसमोर आणा. रात्री इस्पितळातून फोन आला, ती बलात्कारपीडितेसोबत तपासणी संपेपर्यंत चार तास बसली. सकाळी संरक्षण आदेशासाठी दुसऱ्या बाईसोबत न्यायालयात गेली. दुपारी पोलिसांना प्रशिक्षण दिले. महिनाअखेरीस तिच्या वेळपत्रकात हे तास वेगवेगळ्या रकान्यांत जातात: चार व्होकाला, तीन स्त्री-हिंसाचार अनुदानाला, दोन बर्नला. केंद्राचे अनुदानविषयक एकसमान नियम सांगतात की नोंद प्रत्यक्ष कामावर आधारलेली हवी, अंदाजाने टक्के मांडायचे नाहीत. आणि ती पीडिता कोण होती हे त्या पत्रकात कुठेही यायला नको, कारण गोपनीयता हीही कायद्याचीच अट आहे. राज्याचा तपासनीस येतो तेव्हा त्याला तास दाखवायचे असतात, नाव झाकायचे असते.

व्होकासाठी संस्थेला सहसा २० टक्के स्वहिस्सा घालावा लागतो. तो रोख नसला तरी चालतो. शनिवारी रात्री हेल्पलाइनवर चार तास बसणाऱ्या निवृत्त शिक्षिकेच्या वेळेची किंमत धरून, तिची सही घेऊन, तो हिशेबात दाखवता येतो. दुसरा कडक नियम असा की केंद्राचा पैसा आला म्हणून राज्याने किंवा गावाने आपला चालू खर्च कमी करायचा नाही. हा पैसा वर भर म्हणून असतो. वर्षाला ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त केंद्रीय पैसा खर्च करणाऱ्या संस्थेला एकत्रित लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. ही मर्यादा ७.५ लाख डॉलर होती, ऑक्टोबर २०२४ मध्ये किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांपासून ती १० लाख झाली.

हे नियम उगाच नाहीत. सरकारी पैसा खाल्ला जाऊ नये म्हणून ते आहेत. पण ज्यांच्याकडे हिशेबनीस ठेवायलाही पैसा नसतो, त्यांच्यावरच त्यांचे ओझे सर्वाधिक पडते. चांगले राज्य कार्यालय इथे ओळखू येते. ते अर्ज भरायला शिकवते, आगाऊ हप्ता देते, बिल परत पाठवण्याआधी फोन करते. राज्याला ठेवता येणाऱ्या ५ टक्क्यांचा याहून चांगला उपयोग नाही.

पीडितनिधीतून काढायच्या रकमेची मर्यादा घटत गेली तशी अनेक राज्यांत निवारागृहांतल्या जागा आणि समुपदेशकांची पदे कमी करायची वेळ आली. काही राज्यांनी स्वतःच्या तिजोरीतून खड्डा भरून काढला. कॅलिफोर्नियाने २०२४ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी १०.३ कोटी डॉलर ठेवले. ते एकरकमी होते, एकाच वेळेपुरते.