घरचा सराव केला, तरी भीती तेवढीच का?

(सोशल अँक्झायटी, म्हणजे लोकांत वावरताना वाटणारी तीव्र भीती, आणि तिच्यासाठी एक्स्पोजर थेरपी, म्हणजे भीती वाटते तिथे ठरवून जाण्याचा सराव, घेणाऱ्यांसाठी माहितीपत्रक. समुपदेशन केंद्र, सदाशिव पेठ, पुणे)

तिसऱ्या-चौथ्या सेशनच्या सुमारास आम्हाला हमखास विचारलं जातं, "सांगितलं तसं सगळं केलं. तुळशीबागेत भाव विचारला, कंडक्टरशी बोललो. मग पुढच्या वेळी पुन्हा तितकीच धडधड का?" याचं उत्तर देण्यात सेशनमधली पंधरा-वीस मिनिटं जातात, आणि त्या वेळेचे पैसे तुम्ही मोजलेले असतात. म्हणून ते इथे लिहून ठेवलं आहे. सोप्यापासून अवघडापर्यंत सरावाच्या पायऱ्यांची यादी कशी करायची, भीतीला शून्य ते शंभर गुण कसे द्यायचे, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

सराव वाया जातो तो बहुतेक वेळा कुबड्यांमुळे. भीती वाटते तिथे जायचं खरं, पण फजिती होऊ नये म्हणून गुपचूप काहीतरी तजवीज करून जायचं, त्या तजविजीला आम्ही कुबडी म्हणतो. बोलायचं वाक्य मनात पाच वेळा घोकणं, रांगेत उगाच फोनमध्ये डोकं घालणं, सुट्टे पैसे आधीच मोजून मुठीत धरणं, बहिणीला सोबत नेणं, दुकान रिकामं व्हायची वाट पाहणं, या सगळ्या कुबड्याच. अलीकडे फार दिसणारी एक म्हणजे क्यूआर स्कॅन करायचा, स्क्रीन दाखवायची आणि एक शब्द न बोलता निघायचं. बाहेरून पाहणाऱ्याला सराव झालेला दिसतो. तुमचं मन मात्र नोंद वेगळीच करतं : "निभावलं, पण वाक्य पाठ होतं म्हणून." ज्या अंदाजामुळे भीती वाटत होती, तो खोटा ठरायची संधीच त्याला मिळालेली नसते.

शिवाय जे टळावं म्हणून कुबडी घेतली, तेच तिच्यामुळे घडतं. थरथर दिसू नये म्हणून चहाचा कप गच्च धरला की स्नायू ताणले जातात आणि हात जास्त थरथरतो. घाम लपवायला जाकीट घातलं की घाम वाढतो. लोकांचं लक्ष जाऊ नये म्हणून आवाज खाली आणला, तर समोरचा पुढे झुकून मोठ्याने "काय?" विचारतो, आणि शेजारचे दोघं वळून बघतात. पुढचं वाक्य जुळवण्यात गुंतलेल्या माणसाला समोरच्याचा प्रश्नच नीट ऐकू येत नाही, मग उत्तर भलतंच जातं. नजर चुकवणारा माणूस लोकांना घाबरलेला वाटत नाही, शिष्ट वाटतो. "लोक माझ्याशी तुटक वागतात" या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा हेच असतं. यात तुमचा दोष नाही. वर्षानुवर्षं जिच्या आधाराने दिवस काढले, ती सवय आहे ही.

कुबडी ओळखायला एक प्रश्न पुरतो. ही गोष्ट जवळ नसती तर मी गेलो असतो का? उत्तर "नाही" आलं, तर ती कुबडी. फोनवर दुकानाचा पत्ता बघणं चालेल. दुकानात शिरल्यावर तोच फोन ढालीसारखा धरणं चालणार नाही. सगळ्या कुबड्या एका दिवसात टाका असं आम्ही सांगत नाही. सरावाच्या एका फेरीला एक, ती आधी ठरवून आणि सरावाच्या नोंदीच्या फॉर्मवर लिहून. अगदी वरच्या पायरीवर सुरुवातीला एखादी राहू देतो, पण ती कधी सुटणार ती तारीख त्याच दिवशी लिहून घेतो.

आता फॉर्मबद्दल, कारण पुष्कळजण तो रात्री घरी येऊन भरतात. रात्री भरलेल्या फॉर्मचा उपयोग जवळजवळ नाही. निकाल कळल्यावर आधीचा अंदाज मनात आपोआप सौम्य होतो आणि "मला तसं वाटलंच होतं" एवढंच उरतं. निघण्याआधी दोन मिनिटं काढा. कुठे जाणार, काय वाईट घडेल असं वाटतं, त्याची खात्री किती टक्के, आणि आज कुठली कुबडी टाकणार, एवढंच लिहा. परतल्यावर दहा मिनिटांच्या आत प्रत्यक्ष काय घडलं आणि आता खात्री किती टक्के, हे भरा.

अंदाज असा हवा की तो खरा ठरला की खोटा, हे तिऱ्हाईतालाही सांगता येईल. "मला घाबरायला होईल" हा अंदाज बाद, कारण तो दर वेळी खरा ठरतो. "तो मला मूर्ख समजेल" हाही बाद, त्याच्या मनात कुणी शिरू शकत नाही. मग असं विचारा की मूर्ख समजला हे मला दिसेल कशावरून? "तो हसेल", "उत्तर न देता दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळेल", "मी दहा सेकंद अडकेन आणि तो वैतागून निघून जाईल." असे अंदाज घेऊन गेलात की अर्ध्या तासाचा सरावही पुष्कळ काही शिकवतो.

कधी दुकानदार खरंच खेकसेल. तो सराव वाया गेला असं समजून पुढचे चार दिवस घरी बसू नका. किती वेळ बोलला, त्यानंतर काय झालं, संध्याकाळी त्याचं किती उरलं, हे लिहून आणा. कुणी खेकसलं तरी ते सोसता येतं, हे दहा गोड उत्तरांतून शिकायला मिळत नाही.

सरावासाठी पुण्यात जागांची वाण नाही. पीएमपीच्या बसवर पाटी असूनही चार माणसांत मोठ्याने विचारायचं, "ही डेक्कनला जाते का?" मंडईत भाव विचारून, भाजी न घेता, कारण न सांगता "नको" म्हणायचं. अप्पा बळवंत चौकात पुस्तक काढायला लावायचं, चाळायचं आणि परत द्यायचं. अमृततुल्यात भरलेला कप एका हाताने, सैल पकडून प्यायचा. विक्रेत्याचा अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ घेऊ नका, तेवढा पुरतो. बरीच दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात, आणि "गेलो होतो पण बंद होतं" ही नोंद आमच्याकडे फार येते. साडेअकराला किंवा सहाला निघा. एका फेरीत तीच गोष्ट तीन-चार ठिकाणी लागोपाठ करा, आठवड्यातून पाच दिवस. रविवारी दोन तास एकदम केलेला सराव त्याची जागा घेत नाही. तिथे असताना लक्ष स्वतःच्या छातीकडे गेलं की बाहेर वळवा. शर्टाचा रंग, पाटीवरचं अक्षर, माणूस नेमकं काय बोलतोय.

आमच्या पद्धतीवर काही शंका येतात. "भीती उतरेपर्यंत थांबायला का सांगत नाही? श्वासाचा व्यायाम का देत नाही?" भीती त्या जागीच कमी व्हायला हवी, हा जुना आग्रह, आणि 1986 सालच्या फोआ आणि कोझॅक या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीत त्याला महत्त्वाचं स्थान होतं. 2014 साली मिशेल क्रास्के आणि सहकाऱ्यांनी भर दिला तो वेगळ्या गोष्टीवर : अपेक्षा काय होती आणि घडलं काय, यांत जेवढं अंतर, तेवढं नवं शिकणं पक्कं. आम्ही याच वाटेने जातो. म्हणून भीती ऐंशीवर असतानाही अंदाज खोटा ठरला, तर आम्ही तो सराव यशस्वी धरतो. म्हणूनच पायऱ्या कधी क्रम सोडून देतो आणि जागा, वेळ, माणसं बदलत ठेवतो. श्वासाचा व्यायाम वाईट नाही, पण दुकानाच्या दारात केला की त्याचीच कुबडी होते.

सरावानंतर "बरोबर बोललो ना मी?" असा व्हॉट्सॲप आला तर आम्ही उत्तर देत नाही, आणि काहींना ते कोरडं वाटतं. पण त्या प्रश्नाला आम्ही "हो" म्हटलं, तर पुढच्या वेळी आमच्या "हो"शिवाय तुम्ही पाऊल उचलणार नाही. सेशनमध्ये मात्र त्याच फॉर्मवर हवा तेवढा वेळ बोलू.

व्हिडिओचं सेशन काहीजण टाळतात. ते टाळू नये अशी आमची मनापासून विनंती आहे. यात तीन-तीन मिनिटांच्या दोन गप्पा असतात, एक कुबड्यांसकट आणि एक त्यांच्याशिवाय. ही पद्धत डेव्हिड क्लार्क आणि ॲड्रियन वेल्स यांच्या 1995 सालच्या मांडणीतून पुढे आली. चित्रण पाहण्याआधी चेहरा किती लाल, आवाज किती कापरा दिसेल हे तुमच्याकडून आकड्यांत लिहून घेतो, आणि मग अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघायला सांगतो. या तयारीची दहा मिनिटं वगळली, तर पडद्यावर जे दिसतं त्याऐवजी तेव्हा जे वाटत होतं तेच पुन्हा आठवतं. घरी फोनवर स्वतःचं स्वतः चित्रण करून नेमकं हेच होतं.

डॉक्टरांनी दिलेलं रोजचं औषध स्वतःहून बंद करू नका किंवा कमी-जास्त करू नका. सरावाआधी "फक्त आजच्यापुरती" चिंतेची गोळी किंवा एखादा पेग घेत असाल, तर आम्हाला स्पष्ट सांगा. त्यावर कुणी बोल लावणार नाही, पण सगळं श्रेय गोळीला जातं. गोळीचं काय करायचं, ते तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून ठरवू. जगणं नकोसं वाटण्याइतकं मन खचलं असेल, तर सराव बाजूला ठेवा आणि लगेच कळवा. आम्ही उपलब्ध नसू तेव्हा टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

एकट्याने पहिली कुबडी टाकणं जमत नसेल, तर बाहेरचं सेशन घ्या. नव्वद मिनिटांचं असतं. पहिल्या दोन फेऱ्यांना समुपदेशक शेजारी उभे राहतात, तिसरीला रस्त्याच्या पलीकडे, चौथीला ते चौकातच थांबतात आणि तुम्ही एकटे जाता. नेहमीच्या सेशनपेक्षा त्याचं शुल्क जास्त आहे, कारण वेळ दुप्पट लागतो. दोन बाहेरची सेशन्स पुरली तर तिसरं घ्या असं आम्ही सांगणार नाही. नोंदणी आदल्या आठवड्यात करा. फॉर्मच्या कोऱ्या प्रती रिसेप्शनवर ठेवल्या आहेत, एका वेळी दहा न्या.