खोक्यावरचे वॅट आणि लेबलवरचे अँपिअर

घरी स्वतः संगणक जुळवणारे बहुतेक जण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्या निवडीत आठवडे घालवतात, आणि पॉवर सप्लाय, म्हणजे सॉकेटमधली वीज संगणकाला लागेल त्या रूपात पुरवणारी पेटी, मात्र शेवटी उरलेल्या पैशांत जो बसेल तो घेतात. हा क्रम उलटा व्हायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. इतर कोणताही भाग बिघडला तर बहुधा तो एकटाच बिघडतो. पॉवर सप्लाय वाईट तऱ्हेने बिघडला, तर मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड आणि हार्ड डिस्कवर साठवलेली वर्षानुवर्षांची माहिती एका क्षणात नाहीशी होऊ शकते. ‘किती वॅटचा घेऊ?’ हे सगळेच विचारतात. ते वॅट कोणत्या व्होल्टेजवर मिळणार, किती तापमानापर्यंत मिळणार आणि मागणी अचानक वाढली तर तो तग धरणार का, हे विचारणारे थोडे. आणि पॉवर सप्लाय पुरेसा आहे की नाही, हे मुख्यतः याच प्रश्नांवर ठरते.

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीमधला पॉवर सप्लाय अवघा ६३.५ वॅटचा होता. आज एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० या एकट्या ग्राफिक्स कार्डाची ठरवून दिलेली मर्यादा ४५० वॅट आहे. एवढी शक्ती विटेपेक्षा थोड्या मोठ्या पेटीतून मिळते, याचे कारण या पेटीतल्या यंत्रणेत आहे. सॉकेटमधून येणारा २३० व्होल्टचा एसी प्रवाह आधी डीसी केला जातो आणि आजच्या चांगल्या पॉवर सप्लायमध्ये तो वाढवून सुमारे ३८० ते ४०० व्होल्टवर नेला जातो. मग ट्रान्झिस्टरचे स्विच त्याची सेकंदाला हजारो ते लाखो वेळा उघडझाप करतात, हा वेगाने बदलणारा प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून जातो, आणि दुसऱ्या बाजूला मिळालेला कमी व्होल्टेजचा प्रवाह पुन्हा डीसी करून कॉइल व कपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारे भाग) यांच्या साह्याने सपाट केला जातो. वारंवारता जितकी जास्त, तितका तेवढ्याच शक्तीसाठी लागणारा ट्रान्सफॉर्मर लहान. ५० हर्ट्झवर हेच काम करायचे म्हटले, तर कित्येक किलो वजनाचा लोखंडी गाभा लागला असता. स्विच करून वीजपुरवठा करण्याच्या या पद्धतीवरूनच बाजारात या पेटीला एसएमपीएस (स्विच्ड-मोड पॉवर सप्लाय) म्हणतात.

पेटीतून मुख्यतः तीन व्होल्टेज बाहेर येतात : १२, ५ आणि ३.३. जुन्या संगणकांत प्रोसेसर ५ किंवा ३.३ व्होल्टच्या तारांवर चालत असे. २००० साली पेंटियम ४ च्या काळात प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची वेगळी चार पिनांची जोडणी आली आणि तेव्हापासून सगळा भार हळूहळू १२ व्होल्टकडे सरकला. त्यामागचे कारण साधे आहे. तेवढीच शक्ती पोहोचवायची, तर व्होल्टेज वाढवल्यावर प्रवाह कमी होतो, आणि तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रोसेसर प्रत्यक्षात एक व्होल्टच्या आसपास काम करतो. १२ व्होल्टचे तेवढे करण्याचे काम प्रोसेसरच्या अगदी शेजारी, मदरबोर्डवरची मंडले करतात. ग्राफिक्स कार्डावरही तीच व्यवस्था असते. त्यामुळे आजच्या संगणकाची जवळजवळ सगळी भूक १२ व्होल्टची आहे.

म्हणून खोक्यावरचा मोठा आकडा बाजूला ठेवावा आणि पेटीच्या अंगावर चिकटवलेले लेबल वाचावे. समजा, एका पॉवर सप्लायवर ६०० वॅट असे ठळक छापले आहे. लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात ३० अँपिअर, ५ व्होल्टच्या रकान्यात २८ अँपिअर आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यात २४ अँपिअर आहेत. गुणाकार केला, तर १२ व्होल्टवर ३६० वॅट मिळतात. उरलेले दोनशेच्या वर वॅट अशा तारांवर आहेत, जिथे आजच्या संगणकाला त्यांचा फारसा उपयोग नाही. शेजारच्या दुसऱ्या पेटीवर ५५० वॅट लिहिले आहे, पण तिच्या १२ व्होल्टच्या रकान्यात ४५ अँपिअर आहेत, म्हणजे ५४० वॅट. संगणकाच्या दृष्टीने ५५० ची पेटी ६०० च्या पेटीपेक्षा दीडपट मोठी आहे. १२ व्होल्टवरची शक्ती आणि छापलेली एकूण शक्ती यांत इतके मोठे अंतर दिसले, तर आतली रचना जुन्या धाटणीची आहे असे खुशाल समजावे. काही लेबलांवर १२ व्होल्टचे दोन किंवा तीन वेगळे रकाने असतात. त्यांची सरळ बेरीज करू नये, कारण त्यांची एकत्रित मर्यादा वेगळी दिलेली असते आणि ती बेरजेपेक्षा सहसा कमी असते. लेबलवर अँपिअरचा तक्ताच नसेल, तर तो पॉवर सप्लाय घेऊ नये.

आता गरज मोजू. येथे पहिला चकवा प्रोसेसरच्या खोक्यावरचा टीडीपी (थर्मल डिझाइन पॉवर) हा आकडा देतो. तो मुख्यतः कूलर निवडण्यासाठी असतो. प्रोसेसर जास्तीत जास्त किती वीज घेईल, हे तो सांगत नाही. एएमडीच्या, मदरबोर्डवरच्या एएम४ सॉकेटमध्ये बसणाऱ्या १०५ वॅट टीडीपीच्या प्रोसेसरला १४२ वॅटपर्यंत मुभा असते. इंटेलच्या कोअर आय९ १३९००के या प्रोसेसरचा मूळ आकडा १२५ वॅट असला, तरी पूर्ण वेगातली मर्यादा २५३ वॅट आहे. हिशेबात नेहमी हा वरचा आकडा धरावा. समजा, प्रोसेसर १४२ वॅट, ग्राफिक्स कार्ड २५० वॅट, मदरबोर्ड, रॅम, पंखे आणि एसएसडी मिळून ६० वॅट आणि एक हार्ड डिस्क १० वॅट. बेरीज ४६२ झाली. यावर तीस ते पन्नास टक्के मोकळीक ठेवली, की आकडा ६०० ते ६९० च्या मध्ये येतो आणि ६५० वॅटचा चांगला पॉवर सप्लाय या संगणकाला पुरेसा ठरतो. येथे १००० वॅटचा घेतल्याने बिघडत काही नाही, पण मिळतही काही नाही. मोठा पॉवर सप्लाय सतत तेवढी वीज खातो, हा समज मात्र चुकीचा आहे. संगणक मागेल तेवढीच तो देतो. ज्यांना पाच-सहा हार्ड डिस्क लावायच्या आहेत, त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना काही सेकंद १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते, आणि सगळ्या डिस्क एकदमच सुरू होतात.

ही मोकळीक कशासाठी ठेवायची, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. ग्राफिक्स कार्डाची २५० वॅट ही मर्यादा सरासरी असते. खेळातले दृश्य क्षणात बदलते, हजारो गणक एकदम जागे होतात आणि सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती किंवा त्याहूनही कमी काळ मागणी दुपटीपर्यंत उसळते. भिंतीवरच्या वॅटमीटरला ही उसळी दिसतही नाही, कारण तो सरासरी दाखवतो. पॉवर सप्लायमधल्या संरक्षक मंडलाला मात्र ती दिसते, भार मर्यादेबाहेर गेला असे समजून ते पुरवठा तोडते, आणि खेळ ऐन रंगात असताना संगणक एकदम बंद पडतो. तापमान ठीक, रॅम ठीक, तरी जड कामातच संगणक बंद पडत असेल, तर हे कारण जरूर तपासावे. २०२२ साली इंटेलने जाहीर केलेल्या एटीएक्स ३.० या मानकाने या उसळ्यांना नियमात बसवले : सोळा पिनांची नवी जोडणी असलेल्या, ४५० वॅटपेक्षा मोठ्या पॉवर सप्लायने १०० मायक्रोसेकंदांपुरता आपल्या क्षमतेच्या २०० टक्के भार सोसला पाहिजे. मोठे ग्राफिक्स कार्ड घेणाऱ्याने या मानकाचा उल्लेख शोधावा. छोट्या कार्डावर किंवा कार्डाशिवाय चालणाऱ्या संगणकाला त्याची गरज नाही.

खोक्यावरच्या ८० प्लस या चिन्हाविषयी बराच गैरसमज आहे. २००४ साली सुरू झालेली ही प्रमाणपत्रांची योजना कार्यक्षमता मोजते, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती संगणकापर्यंत पोहोचते आणि किती उष्णता होऊन वाया जाते. ११५ व्होल्टच्या चाचणीत मूळ पातळीला २०, ५० आणि १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता लागते. गोल्ड या वरच्या पातळीला ५० टक्के भारावर ९० टक्के. निम्म्या भारावर संगणक ३०० वॅट घेत असेल, तर पहिला पॉवर सप्लाय भिंतीतून ३७५ वॅट ओढतो आणि दुसरा ३३३. रोज आठ तास असे काम चालले, तर तीन दिवसांत एका युनिटचा फरक पडतो. पैशांइतकीच महत्त्वाची बाब उष्णतेची आहे : पहिल्याच्या पोटात ७५ वॅट जिरतात, दुसऱ्याच्या ३३. पण व्होल्टेज किती स्थिर आहे, संरक्षण वेळेवर काम करते का, पेटी किती वर्षे टिकेल, यांपैकी कशाचीही हमी हे चिन्ह देत नाही, आणि चाचणीही २३ अंश सेल्सिअसच्या आसपास होते. कॅबिनेटमधली हवा त्यापेक्षा कितीतरी गरम असते. म्हणून छापलेले वॅट ४० किंवा ५० अंशांवर मिळतात की केवळ २५ अंशांवर, हे उत्पादकाच्या माहितीपत्रकात पाहावे.

उष्णतेचा खरा बळी इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असतो. त्याच्या आतला द्रव हळूहळू सुकतो, आणि तापमान दहा अंशांनी उतरले की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. १०५ अंशांवर २००० तास चालेल असा कपॅसिटर ६५ अंशांवर ठेवला, तर चार वेळा दुप्पट होऊन ३२,००० तास मिळतात. रोज आठ तासांच्या वापरात दहा वर्षांहून जास्त. त्याच जागी ८५ अंशांचा कपॅसिटर लावला, तर जेमतेम ८००० तास, म्हणजे तीन वर्षेही नाहीत. दुकानात उभे राहून हा फरक दिसत नाही आणि पेटी उघडून पाहणे तर कटाक्षाने टाळावे, कारण वीज काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणे व्होल्टेज काही काळ उरते. यावर ग्राहकाच्या हातात असलेला सर्वांत प्रामाणिक निकष हमीच्या कालावधीचा आहे : सात किंवा दहा वर्षांची हमी देणारा उत्पादक आत हलके कपॅसिटर सहसा घालत नाही. तज्ज्ञांनी ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचे क्षणाक्षणाचे चढउतार दाखवणारे यंत्र) लावून केलेली परीक्षणे मिळाली, तर ती त्याहून उत्तम. त्यांत १२ व्होल्टवरची तरंगरूपी अशुद्धता, म्हणजे सपाट केल्यावरही उरलेले बारीक चढउतार, पाहावी. मानकाप्रमाणे ती १२० मिलिव्होल्टच्या आत हवी, आणि चांगल्या पेट्या त्याच्या निम्म्यातच राहतात.

याच कपॅसिटरांपैकी सर्वांत मोठ्याचे आणखी एक काम असते. वीज गेल्यावरही मानकाप्रमाणे पॉवर सप्लायने सुमारे १६ मिलिसेकंद पुरवठा चालू ठेवायचा असतो. यूपीएसला बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद लागतात, आणि तेवढी फट हा साठा भरून काढतो. काटकसर म्हणून येथे लहान कपॅसिटर बसवला असेल, तर यूपीएस उत्तम असूनही वीज जाताच संगणक पुन्हा सुरू होतो आणि दोष मात्र यूपीएसवर येतो.

जोडण्यांकडे शेवटी वळू, पण त्यांना कमी लेखून चालणार नाही. मदरबोर्डवरचा खाचा ग्राफिक्स कार्डाला ७५ वॅट देतो, सहा पिनांची तार ७५ आणि आठ पिनांची १५०. नव्या सोळा पिनांच्या जोडणीतून ६०० वॅटपर्यंत शक्ती जाते, म्हणजे १२ व्होल्टवर ५० अँपिअर, आणि हा प्रवाह सहा संपर्कांत वाटला जातो : प्रत्येकी आठ अँपिअरहून थोडा जास्त. प्लग तिरका बसून यांतल्या तीनच संपर्कांवर भार आला, तर प्रत्येकातला प्रवाह दुप्पट आणि उष्णता चौपट होते, आणि प्लॅस्टिक वितळते. सुधारित जोडणीत सूचना देणाऱ्या पिना म्हणूनच आखूड केल्या आहेत, जेणेकरून प्लग पुरता बसल्याशिवाय कार्ड शक्तीच मागणार नाही. तरीही प्लग शेवटपर्यंत दाबावा, त्याच्या आणि सॉकेटच्या मध्ये फट उरली नाही हे डोळ्यांनी पाहावे, आणि तार प्लगपासून लगेच वाकवू नये. ज्या पॉवर सप्लायच्या तारा सुट्या होतात, त्यांच्या बाबतीत एक पथ्य अत्यंत महत्त्वाचे आहे : एका पेटीच्या तारा दुसऱ्या पेटीला कधीही लावू नयेत. पेटीकडच्या टोकाला पिनांचा क्रम कोणत्याही मानकाने ठरवलेला नाही. प्लग बिनबोभाट बसतो, पण डिस्कच्या ५ व्होल्टच्या पिनेवर १२ व्होल्ट येऊ शकतात आणि डिस्क त्याच क्षणी जळते.

उत्तम पेटीही नीट काम करण्यासाठी एका गोष्टीवर अवलंबून असते, ती म्हणजे सॉकेटमधले अर्थिंग. पेटीच्या प्रवेशाशीच विद्युत गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर दोन्ही तारांपासून धातूच्या कवचाला जोडलेले असतात. अर्थिंग तुटलेले असेल, तर हे कवच, आणि त्यासोबत सगळे कॅबिनेट, पुरवठ्याच्या जवळपास निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहते. प्रवाह अत्यल्प असतो, पण कॅबिनेटच्या कडेला बोट लागताच झिणझिण्या येतात. असे जाणवले, तर पॉवर सप्लाय बदलण्याआधी वायरमनला बोलावून सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्यावे.