टिश्यू पेपरवर उरलेली फॅशन

१९५२ साली बटरिक या अमेरिकी कंपनीने ६०१५ क्रमांकाचा एक पॅटर्न, म्हणजे कापड बेतण्याचा कागदी नमुना, बाजारात आणला. न्याहारी आटोपून शिवायला बसावं आणि दुपारच्या जेवणाला तोच ड्रेस घालून बाहेर पडावं, इतका तो सोपा, अशी त्याची ख्याती. म्हणून नावच पडलं ‘वॉक-अवे ड्रेस’. पुढचा अरुंद भाग मागे नेऊन अडकवायचा, मागचा घेरदार भाग पुढे आणून कमरेवर बटणं लावायची, कडांना तिरपी पट्टी मारायची, की झालं. मागणी इतकी वाढली की कंपनीला बाकीच्या पॅटर्नची छपाई काही काळ थांबवावी लागली, असं सांगतात. अर्ध्या शतकानंतर तोच ड्रेस ४७९० या नव्या क्रमांकाने पुन्हा छापला गेला आणि घरी जुन्या धाटणीचे कपडे शिवणाऱ्या असंख्य जणींचा पहिला प्रयोग ठरला.

पहिला, आणि अनेकींचा पहिला अपेक्षाभंगही. ड्रेस खरोखर एका दिवसात होतो, पण पाकिटावरच्या चित्रासारखा दिसत नाही. चित्रातल्या बाईची कंबर आतल्या घट्ट कमरपट्ट्याने आवळलेली असते, घेराखाली ताठ पेटीकोट असतात, आणि फॅशनच्या चित्रकाराने तिला मुळातच लांबवलेलं असतं. यातलं काहीच पॅटर्नच्या पाकिटात मिळत नाही. घरच्या व्हिंटेज शिवणकामाचा इतिहास सांगायचा तर तो बराचसा या पाकिटाबाहेर राहिलेल्या गोष्टींचा आहे.

जुने कपडे नव्याने शिवायची सुरुवात हौसेतून झालेली नाही, काटकसरीतून झाली. अठराव्या शतकातल्या युरोपात रेशमी कापडाचा पन्हा जेमतेम वीस इंचांच्या आसपास असे. कापड अतिशय महाग आणि शिलाई स्वस्त. त्यामुळे शिवणारे कापडाला कात्री लावायला धजत नसत. अख्खे पन्हे जोडायचे आणि आकार चुण्यांनी साधायचा. फॅशन बदलली की ड्रेस उसवायचा, कापड मोकळं करायचं, पुन्हा बेतायचं. संग्रहालयांमध्ये १८४० च्या दशकातले असे झगे आहेत की ज्यांचं रेशीम आधीच्या शतकातलं आहे. नीट पाहिलं तर जुन्या शिवणींच्या, चुण्यांच्या खुणा अजून दिसतात.

त्या काळी कापड बेतण्याचं ज्ञान कागदावर फारसं नव्हतंच. माद्रिदमध्ये १५८० साली हुआन दे आल्सेगा या शिंप्याने एक पुस्तक छापलं, पण ते शिंप्यांसाठी होतं आणि त्याचा सगळा भर कमीत कमी कापडात तुकडे कसे बसवावेत यावर. घरातल्या बाईला नमुना हवा असेल तर एकच मार्ग: जुना कपडा उसवा आणि त्याचे तुकडे नव्या कापडावर ठेवून कापा.

हौसही होतीच, पण ती ऐपत असणाऱ्यांची. टॉमस गेन्सबरोचं निळ्या पोशाखातल्या मुलाचं प्रसिद्ध चित्र साधारण १७७० चं. त्या मुलाच्या अंगावरचा पोशाख मात्र सुमारे एकशेतीस वर्षं जुन्या फॅशनचा आहे. चित्रासाठी, मुखवट्यांच्या मेजवानीसाठी असे ‘व्हॅन डाइक’ (सतराव्या शतकातल्या चित्रकाराच्या नावाचे) पोशाख घालायची तेव्हा टूम होती. १८४२ च्या मे महिन्यात राणी व्हिक्टोरियाने मध्ययुगीन वेशांचा नाच भरवला आणि स्वतः चौदाव्या शतकातल्या राणी फिलिपाच्या वेशात आली. कंबर मात्र अस्सल १८४० च्या दशकातली. भूतकाळ शिवताना आपला काळ त्यात डोकावतोच, हे तेव्हाही सुटलं नव्हतं. कुठल्याही जुन्या ऐतिहासिक सिनेमातली केशभूषा पाहा, तो कधी काढलाय ते लगेच कळतं.

मशीनची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यात. बार्तेलेमी तिमोनिए या फ्रेंच शिंप्याने १८३० मध्ये पेटंट घेतलं, लष्करी गणवेश शिवायला मशीनं बसवली, आणि पोटावर पाय येईल या भीतीने पॅरिसच्या शिंप्यांनी ती फोडून टाकली. इलायस हाउचं पेटंट १८४६ चं, आयझॅक सिंगरचं १८५१ चं. घरच्या शिवणकामाच्या दृष्टीने मला यापेक्षा १८५६ हे साल महत्त्वाचं वाटतं: त्या वर्षी सिंगर कंपनीने मशीन हप्त्याने द्यायला सुरुवात केली. एरवी ते यंत्र कारखान्यातच राहिलं असतं.

पण मशीन सरळ शिवण मारून देतं. बाहीचा गोल कसा कापायचा हे ते सांगत नाही. ती अडचण कागदाने सोडवली. त्याआधीही मासिकांतून नमुने येत, पण ते एकाच मापाचे, किंवा एकाच कागदावर एकमेकांवरून गेलेल्या डझनभर रेषांचं जंजाळ. एबेनेझर बटरिक हा मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावचा शिंपी. त्याने १८६३ मध्ये तयार कापलेले कागदी पॅटर्न विकायला काढले, आणि तेही वेगवेगळ्या मापांत. कल्पना त्याच्या बायकोची, एलनची, असं कंपनीच्या परंपरेत सांगितलं जातं: मुलाचा कपडा बेतताना मापाचा नमुना असता तर किती बरं, असं ती म्हणाली. गोष्ट तंतोतंत खरी असो वा नसो, अशी तक्रार घरोघरी होत असणार. सुरुवात पुरुषांच्या आणि मुलांच्या कपड्यांनी झाली. बायकांचे पॅटर्न दोन-तीन वर्षांनी आले. पातळ टिश्यू कागदाची घडी पाकिटात मावे आणि टपालाने कुठेही जाई.

या जुन्या पॅटर्नवर काहीही छापलेलं नसे. कोरा कागद, त्यावर फक्त भोकं: मोठं भोक, लहान भोक, ओळीने तीन भोकं. कुठल्या भोकाचा अर्थ डार्ट (आकारासाठी मारायची निमुळती चुणी), कुठल्याचा उभा धागा, हे सोबतच्या चिठ्ठीवरून लावायचं. पहिल्यांदा असा पॅटर्न हातात घेणारी व्यक्ती तो नक्की उलटा धरते. मॅकॉल कंपनीने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला छापील पॅटर्न आणले आणि त्याचं पेटंट १९३८ पर्यंत सांभाळलं. पेटंट संपल्यावरही बाकीच्या कंपन्या घाईने वळल्या नाहीत. व्होग या फॅशन मासिकाच्या नावाचे भोकांचे पॅटर्न तर १९५० च्या दशकातही येत होते. म्हणून १९३० च्या दशकातला ड्रेस मूळ पॅटर्नवरून शिवायचा असेल, तर मॅकॉलचं पाकीट मिळालेलं बरं.

किंमतही बोलकी आहे. व्होग मासिकात १८९९ मध्ये आलेल्या पहिल्या पॅटर्नला पन्नास सेंट पडत. १९२७ मध्ये सुरू झालेल्या सिम्प्लिसिटी कंपनीने पंधरा सेंटांत पॅटर्न दिला. मंदीच्या वर्षांत जिला दुकानातला ड्रेस परवडत नव्हता तिला हा परवडत होता.

आता मापांचा घोळ, कारण इथेच सगळ्यात जास्त कापड वाया जातं. १९४० च्या दशकातल्या अमेरिकी पाकिटावर १४ नंबर म्हणजे छाती ३२ इंच. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तोच १४ नंबर ३४ इंचांचा झाला. १९६७-६८ च्या सुमारास कंपन्यांनी आकडे पुन्हा सरकवले आणि १४ ला ३६ इंच आले. रेडिमेड कपड्यांच्या नंबरांशी जुळवून घेण्यासाठी ही उठाठेव होती. पुढे रेडिमेडवाले गिऱ्हाइकाला खूश करायला नंबर आणखी लहान करत गेले, पॅटर्नवाले मात्र तिथेच थांबले. त्यामुळे दुकानात ८ नंबर बसणारीला पॅटर्नचा १४ लागला तर तिने जिवाला लावून घेऊ नये. पाकिटावरचा नंबर वाचायचाच नाही. छातीचं माप तेवढं वाचायचं. शिवाय जुन्या पाकिटात बहुधा एकच साइज असते. आपल्या मापाचं पाकीट मिळालं नाही, तर प्रत्येक तुकडा कापून, फाकवून, मधे कागद जोडून वाढवावा लागतो, आणि मुंढ्याचा गोल वाढला की बाहीचाही वाढवायचा, हे पहिल्या खेपेला हमखास विसरतं.

मायेचं, म्हणजे शिवणीबाहेर सोडायच्या जादा कापडाचंही तसंच. आजच्या मोठ्या कंपन्यांच्या पॅटर्नमध्ये शिवणीसाठी पाच-अष्टमांश इंच माया धरलेली असते. जुन्यांत ती कमी-जास्त असते, आणि बुर्डासारख्या मासिकांच्या तक्त्यांवर तर धरलेलीच नसते, आपण सोडायची. आएने बुर्डा यांनी जर्मनीत १९५० मध्ये सुरू केलेलं ते मासिक पुढे १९८७ मध्ये रशियन भाषेतही निघालं, आणि दुकानात मनासारखं काही मिळत नसलेल्या सोव्हिएत बायका त्या एकमेकांवरून गेलेल्या रेषांतून आपापला ड्रेस शोधू लागल्या.

कुठलं दशक आहे हे ड्रेसवरून ओळखायचं असेल, तर तो बंद कुठे होतो ते पाहावं. गिडियन सुंडबाकने १९१३ मध्ये चेनला आजचं रूप दिलं, पण बराच काळ ती बूट आणि पिशव्यांवरच राहिली. बायकांच्या ड्रेसवर ती रुळली १९३० च्या दशकाच्या मध्यात. त्याआधी हुक आणि प्रेस बटणं. १९४० च्या दशकात चेन डाव्या बाजूला, काखेखाली असे. पाठीवरची लांब चेन त्यानंतरची. आज कुणी ‘चाळीसच्या दशकातला’ म्हणून ड्रेस शिवते आणि पाठीवर प्लास्टिकची अदृश्य चेन लावते. त्यात गैर काही नाही, घालायला सोयीचंच आहे. फक्त त्याला हुबेहूब म्हणू नये.

१९३० च्या दशकाची दुसरी खूण म्हणजे तिरपं बेतलेलं कापड. मादलेन व्हियोनेने पॅरिसमध्ये कापडाचे उभे-आडवे धागे सोडून तिरक्या रेषेत ड्रेस कापायचं तंत्र फॅशनच्या केंद्रस्थानी आणलं. असं कापड अंगावरून पाण्यासारखं उतरतं, पण लोंबतं आणि वाढतंही. म्हणून ड्रेस शिवल्यावर निदान एक दिवस टांगून ठेवायचा, मग खालची कड सारखी करून हेमिंग करायचं, म्हणजे ती दुमडून शिवायची. घाई केली की घेर एका बाजूला दोन इंच खाली येतो.

मग युद्ध. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांना कूपनं लागली: पहिल्या वर्षी माणशी ६६. लोकरी ड्रेसला ११ कूपनं, सुती असेल तर ७. कापड वारावर घेतलं तरी कूपनं द्यावीच लागत. पुढच्या वर्षी शिवून विकल्या जाणाऱ्या कपड्यांच्या चुण्या, खिसे, बटणं यांवरही मर्यादा आल्या. अमेरिकेत १९४२ च्या एल-८५ या आदेशाने घेर आणि हेमिंगचं कापड आखून दिलं. चाळीसच्या दशकाचा तो नेटका, अरुंद, गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट आज ‘एलिगंट’ म्हणून शिवला जातो. त्याची उंची ठरवणाऱ्यांत सरकारी कारकूनही होते. ब्लॅकआउटचं, म्हणजे रात्री उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्या झाकायचं काळं कापड कूपनांशिवाय मिळे, म्हणून त्याचेही कपडे झाले. नवऱ्याच्या सुटातून बायकोचा कोट बेतायच्या सूचना सरकारच छापून वाटत होतं.

हा सगळा आखडलेपणा डोळ्यांसमोर ठेवला की १२ फेब्रुवारी १९४७ ला पॅरिसमध्ये फॅशन डिझायनर क्रिस्तियाँ दिओरने दाखवलेल्या घेरदार स्कर्टांवर लोक का चिडले आणि का भाळले, दोन्ही समजतं. एकेका ड्रेसला वीस-वीस वार कापड! तेही नुसतं कापड नाही: आत पक्कं अस्तर, कमरेला आवळणारी बांधणी, नितंबावर पॅडिंग. ड्रेस जवळजवळ स्वतःच्या पायांवर उभा राही. घरी शिवणाऱ्यांनी त्याची बाह्यरेषा उचलली, आतला सांगाडा सोडला आणि त्याची उणीव जाळीच्या पेटीकोटांनी भागवली. ‘वॉक-अवे ड्रेस’ ही त्या रेषेचीच सोपी आवृत्ती.

पुढच्या दशकांत रेडिमेड कपडे स्वस्त झाले आणि घरी शिवून पैसे वाचेनात. नेमकं तेव्हाच, १९७० च्या सुमारास, जुन्या धाटणीला भाव आला: एकीकडे व्हिक्टोरियन झालरी, दुसरीकडे तिशीच्या दशकाचे लोंबते ड्रेस. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या कंपन्या आपलेच जुने पॅटर्न नव्या मापांत पुन्हा छापू लागल्या.

वेशभूषेची वाट थोडी निराळी. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथाप्रेमींचं पहिलं जागतिक संमेलन भरलं, तेव्हा फॉरेस्ट अ‍ॅकरमन हा चाहता भविष्यातल्या माणसाच्या वेशात आला. झगा शिवला होता मर्टल डग्लसने. तिचा स्वतःचाही तसाच वेश होता. वर्षानुवर्षं नाव त्याचं जास्त घेतलं गेलं, शिवणारी मागे राहिली. १९८३ मध्ये जपानी पत्रकार नोबुयुकी ताकाहाशी याने अशा वेश करण्याच्या छंदाला ‘कोसुपुरे’ (आजचा ‘कॉस्प्ले’) हा शब्द दिला. दरम्यान इतिहासाचे पोशाख शिवणाऱ्यांना भक्कम आधार दिला तो इंग्लंडच्या जॅनेट अर्नोल्ड यांनी: संग्रहालयांतले खरे कपडे इंच-इंच मोजून त्यांनी एक-अष्टमांश प्रमाणात आराखडे काढले, आणि १९६४ पासून ते पुस्तकरूपाने येऊ लागले. चित्रावरून अंदाज बांधण्याचे दिवस तिथे संपले. शिवण कुठे आहे, कुठे तुकडा कमी पडला म्हणून जोड दिलाय, सगळं दिसू लागलं.

पॅटर्न मात्र टिकत नाहीत. ते वापरून फेकायचेच होते. ऱ्होड आयलंड विद्यापीठात हजारो जुन्या पॅटर्नचा संग्रह जपलेला आहे, आणि अशा संग्रहांत एक गंमत असते: सगळ्यात सुस्थितीत असतात ते कारखान्यातल्या घडीतले, म्हणजे कुणीच न शिवलेले. ज्यांचा ड्रेस चार बहिणींनी आळीपाळीने शिवला, ते टाचण्यांनी चाळण होऊन कधीच केरात गेले.

क्वचित वापरलेला एखादा हाती लागतो. कागद पिवळा, ठिसूळ. वाफ न देता कोमट इस्त्री फिरवायची आणि आधी दुसऱ्या कागदावर उतरवून घ्यायचा, मूळ कागदावर कात्री चालवायची नाही. त्यावर कधी पेन्सिलीची रेघ असते: कंबर अर्धा इंच खाली, काखेत जरा सैल. छापील रेषेशी न जुळणारं कुणाचं तरी माप. पॅटर्न उतरवताना मी ती रेघही घेते, फक्त वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने.