लघुवाहिनी ऑइल कूलर

इंजिनातील वंगणतेल थंड करणारा, अतिशय अरुंद वाहिन्यांचा उष्णता-विनिमयक (एका प्रवाहातील उष्णता दुसऱ्याला देणारे साधन). आयआयटी मुंबईतून पीएच.डी. झालेले उष्णतासंक्रमणाचे संशोधक सतीश कांडलीकर यांच्या रूढ वर्गीकरणानुसार ०.२ ते ३ मिमी व्यासाची वाहिनी ती लघुवाहिनी. त्याहून बारीक ती सूक्ष्मवाहिनी.

तेल थंड करणे पाण्याइतके सोपे नाही. त्याची उष्णतावाहकता पाण्याच्या जेमतेम पावपट. त्यात ते दाट. १५डब्ल्यू-४० (इंजिन-तेलाची एक प्रचलित प्रत) तेल १००° से. तापमानाला १ मिमी वाहिनीतून सेकंदाला १ मीटर वेगाने गेले, तर रेनल्ड्स अंक (प्रवाह शांत थरांचा की खळबळीचा हे सांगणारा आकडा) ७० च्या आसपास येतो. प्रवाहात खळबळ सुरू होण्यासाठी तो २,००० च्या पुढे जावा लागतो. त्यामुळे तेलाचे थर एकमेकांत मिसळत नाहीत, भिंतीलगतचे तेल निवते आणि मधले तापलेलेच बाहेर पडते. वाहिनी अरुंद करणे हा यावरचा सरळ उपाय. अशा स्तरीय प्रवाहात व्यास निम्मा केला की उष्णतासंक्रमण गुणांक, म्हणजे तेलातून भिंतीला उष्णता जाण्याची क्षमता, साधारण दुप्पट होतो. पण वेग तोच ठेवला, तर दर मीटरला दाबघट चौपट होते. म्हणून वाहिन्या आखूड आणि पुष्कळ, समांतर ठेवतात.

प्रत्यक्षात या वाहिन्या ॲल्युमिनियमच्या चपट्या, अनेक छिद्रांच्या नळ्यांत एक्स्ट्रूजनने (तापवलेला धातू साच्यातून दाबून काढून) घडवतात. नळ्यांमध्ये नागमोडी पत्रे बसवून सगळा संच भट्टीत ब्रेझिंगने (कमी तापमानाला वितळणाऱ्या धातूने सांधून) जोडतात. मोटारींच्या एसी कंडेन्सरची घडणही हीच.

खरी अडचण तेल सगळ्या वाहिन्यांत सारखे वाटण्याची आहे. एखाद्या वाहिनीत तेल जरा जास्त निवले की ते दाट होते, दाट झाले की मंदावते, आणि मंदावले की आणखी निवते. शेजारच्या वाहिन्यांतून मात्र गरम तेल धावत राहते. १०० वरून ४०° से.पर्यंत उतरताना या तेलाची श्यानता (दाटपणा) सातआठ पट वाढत असल्याने, हा दोष कागदावरच्या आकडेमोडीत वाटतो त्याहून बराच जाचक ठरतो. थंडीत गाडी सुरू करताना तर तेल कूलरमध्ये न गेलेलेच बरे. त्यासाठी थर्मोस्टॅटची झडप कूलरला वळसा देऊन तेल परस्पर इंजिनात धाडते.

अरुंद वाहिनीत गाळ आणि धातूचा चुरा अडकतो. बेअरिंग जळून इंजिन बसले असेल, तर असा कूलर धुऊन पूर्ण स्वच्छ होईल याची खात्री नसते. उरलेला चुरा नव्या बेअरिंगांत जाऊ नये म्हणून कूलर बदलणेच श्रेयस्कर.