दोन बोटांवर थांबलेली रात्र

“दोनच बोटं उघडलंय,” सिस्टर तपासून सांगते आणि बाहेर बसलेल्या आईचा जीव टांगणीला लागतो. रात्रभर कळा सोसून लेक अजून दोनच बोटांवर? दोन बोटं म्हणजे गर्भपिशवीचं तोंड साधारण 3 सेंटिमीटर उघडलंय. बाळ बाहेर यायला 10 लागतात.

पण रात्र फुकट गेलेली नसते. एरवी गर्भपिशवीचं तोंड नाकाच्या शेंड्यासारखं घट्ट असतं. कोलॅजेनच्या चिवट धाग्यांनी ते नऊ महिने मिटून राहिलेलं असतं. शेवटच्या आठवड्यांत हे धागे सैल होतात, पाणी धरतात, प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्याच रसायनामुळे तोंड ओठासारखं मऊ पडतं. मग ते आखडून पातळ होतं. पहिलटकरणीत आधी पातळ होणं, मग उघडणं. दुसऱ्या खेपेला दोन्ही बरोबर चालतं, म्हणून वेळ वाचतो. बोटांच्या मापात हे मऊ होणं येतच नाही!

तोंड मऊ व्हायच्या आधीच औषधाने कळा आणल्या, तर तोंड उघडायचा हा सुरुवातीचा टप्पा लांबतो. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असेल तरीही बरेचदा वेळ लागतो, आणि कंबर फार दुखते.

भीतीचाही वाटा आहे. घाबरल्यावर वाढणारं ॲड्रेनलिन गर्भाशयाच्या स्नायूला सैल करतं, कळा मंदावतात. म्हणून जवळ बसून पाठ चोळणारी मावशी हा मला उपचाराचाच भाग वाटतो. सतत सोबत मिळालेल्या बायकांचं बाळंतपण सरासरीने थोडं लवकर होतं, हे अनेक देशांतल्या चाचण्यांत दिसलंय. पडून न राहता उभं राहणं, चालणं यानेही पहिली अवस्था, म्हणजे तोंड पूर्ण उघडेपर्यंतचा काळ, सरासरी तासाभराहून जास्त कमी झालेली आढळली.

मग किती तास म्हणजे फार? अमेरिकी प्रसूतितज्ज्ञ इमॅन्युएल फ्रीडमन यांनी 1950च्या दशकात बाळंतपणाचे आलेख काढले. या सुरुवातीच्या टप्प्याला पहिलटकरणीसाठी 20 आणि पुढच्या खेपांना 14 तास, या त्यांच्या मर्यादा पुढे पाठ्यपुस्तकांत रुळल्या. 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेने मात्र 5 सेंटिमीटरपर्यंतच्या या टप्प्याला ठरावीक वेळ लावलीच नाही, कारण बाईगणिक तो फार बदलतो. आई-बाळाची तब्येत ठीक असेल, तर केवळ घड्याळ बघून कळा वाढवायची घाई करू नये, असंही सांगितलं.

पाणी गेलं, रक्तस्राव झाला किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर मात्र घरी एक कळही मोजत बसू नका. लगेच दवाखाना गाठा.