पैसे आपले, कुलूप त्यांचं: कॉपी प्रोटेक्शनच्या वादाची पार्श्वभूमी

कॉपी प्रोटेक्शनचा, म्हणजे गाणी, सिनेमे, पुस्तकं यांची कॉपी होऊ नये म्हणून कंपन्या जे डिजिटल कुलूप लावतात त्याचा, विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, लोकांना सगळं फुकट पाहिजे असतं. मला हे अजिबात पटत नाही. मागचा सगळा इतिहास बघा, त्रास झालाय तो पैसे मोजून ओरिजिनल घेणाऱ्यालाच, कारण पायरेटेड कॉपीला कुलूप नसतंच मुळी.

वादाची मोठी सुरुवात व्हिडिओ कॅसेटपासून झाली. सोनीने १९७५ मध्ये बेटामॅक्स हा व्हिडिओ रेकॉर्डर आणला, लोक टीव्हीवरचे कार्यक्रम टेप करून सवडीने बघायला लागले आणि युनिव्हर्सल अन् डिस्नी हे सिनेमा स्टुडिओ कोर्टात गेले. शेवटी जानेवारी १९८४ मध्ये अमेरिकन सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की नंतर बघण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं कायदेशीर आहे. एक मत फिरलं असतं तर हा हक्क तिथेच गेला असता. आणि पुढे त्याच स्टुडिओंनी कॅसेटवर भरपूर कमावलं, हेही विसरू नये.

मग डिजिटल आलं. टेपची कॉपी, त्या कॉपीची कॉपी असं करत गेलं की क्वालिटी बिघडत जाते, डिजिटलमध्ये तसं होत नाही, त्यामुळे कंपन्यांची भीती खोटी नव्हती. पण त्यावर जो उपाय निघाला तो ग्राहकाच्या मुळावर आला. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करार झाला आणि त्याला धरून अमेरिकेने १९९८ मध्ये डीएमसीए हा कॉपीराइट कायदा आणला. या कायद्याने कुलूप तोडणं हाच वेगळा गुन्हा केला. म्हणजे तुम्ही स्वतःच्या पैशाने घेतलेली डीव्हीडी स्वतःच्याच कॉम्प्युटरवर बघायला कुलूप उघडलंत, कोणाला कॉपी दिली नाहीत, तरी अडचणीत येऊ शकता. दर ३ वर्षांनी काही सवलती जाहीर होतात खऱ्या, पण त्यात सुद्धा मेख आहे, स्वतः कुलूप उघडायची परवानगी मिळते, ते उघडायचं टूल दुसऱ्याला बनवून द्यायची नाही. मग सामान्य माणसाने काय करायचं?

१९९९ मध्ये डीव्हीडीचं कुलूप उघडणारा डीसीएसएस हा प्रोग्राम बाहेर आला आणि त्यावरून योन योहान्सन या नॉर्वेच्या पोरावर खटला भरला गेला. विकत घेतलेली डीव्हीडी आपल्याला हवी तशी बघायचा हक्क आहे म्हणत तिथल्या कोर्टांनी २००३ मध्ये त्याला दोनदा निर्दोष सोडलं. अमेरिकेत मात्र तोच प्रोग्राम वेबसाइटवर टाकणाऱ्या एका मासिकाला कोर्टाने तो तिथे ठेवायला मनाई केली.

सगळ्यात वाईट प्रकार २००५ चा. सोनी बीएमजी या संगीत कंपनीच्या काही ऑडिओ सीडी विंडोज कॉम्प्युटरमध्ये टाकून सोबतचा प्लेअर चालू केला की गुपचूप एक प्रोग्राम बसायचा. ठराविक अक्षरांनी नाव सुरू होणारी कुठलीही फाइल तो लपवायचा, स्वतःची पण आणि दुसऱ्याची पण, म्हणजे व्हायरस लिहिणाऱ्यांना आयती जागा मिळाली आणि काहींनी ती वापरली सुद्धा. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने ऑक्टोबरच्या शेवटी हे उघड केलं. कंपनीने तो काढायला जे टूल दिलं त्याने कॉम्प्युटरच्या सुरक्षेला अजून एक भोक पडलं! शेवटी सीडी परत मागवाव्या लागल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या. ज्याने गाणी फुकट डाउनलोड केली त्याच्या कॉम्प्युटरला या सीडीने काहीच झालं नाही, ज्याने दुकानात जाऊन पैसे दिले त्याचाच बिघडला. ग्राहकांचा विश्वास उडाला तो तिथे.

यानंतर संगीतवाले हळूहळू नरमले, २००९ मध्ये अ‍ॅपलच्या आयट्यून्स या ऑनलाइन दुकानातली सगळी गाणी कुलपाशिवाय मिळायला लागली. पण ईबुक आणि सिनेमे तसेच अडकलेले. त्याच वर्षी जुलैमध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑरवेल या लेखकाची विकलेली पुस्तकं लोकांच्या किंडल या ईबुक वाचायच्या यंत्रातून परस्पर उडवली, कारण विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते. पैसे परत दिले, माफीही मागितली, पण विकलेली वस्तू घरात येऊन परत नेता येते हे सगळ्यांना दिसलं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ईबुकचं दुकान बंद केलं तेव्हाही रिफंड मिळाला, पुस्तकं गेली ती गेलीच.

कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा केला की डिजिटल वस्तू विकणारा फक्त लायसन्स, म्हणजे वापरायची परवानगी, देत असेल तर त्याने तसं स्पष्ट सांगावं, नुसतं 'विकत घ्या' लिहू नये. २०२५ पासून तो लागू आहे आणि कायमचं डाउनलोड करून ऑफलाइन ठेवता येतं अशा फाइल्सना ही अट नाही. चांगलं पाऊल आहे, पण ते फक्त विकतानाच्या बटणापुरतं. आत बसवलेलं कुलूप आणि ते उघडणाऱ्याला अडवणारा १९९८ चा कायदा, दोन्ही अजून जागच्या जागी आहेत.